राकसाचं खळं

तोडणीच्या बाया त्या दिवशी आल्याच नाहीत.

मनकर्णाबाई बागेच्या बांधावर, धुऱ्यावरच्या निंबाखाली चहाची किटली घेऊन बसली होती. दवानं भिजलेलं लुगडं पोटऱ्यांना चिकटत होतं. बागेत संत्रा पिवळा होऊन लोंबत होता. भारानं फांद्या मोडू नयेत म्हणून त्यांना बांबूचे टेकू दिलेले. रिकामे क्रेट रचून ठेवलेले, शिड्या झाडांना टेकवलेल्या. संध्याकाळी शेंदूरजनाघाटाहून व्यापाऱ्याची गाडी यायची होती. तिचा मुलगा मनोज सडकेपर्यंत जाऊन पाहून आला, पुन्हा गेला. ऊन धुऱ्यावर चढलं तरी कोणी नाही. किटलीतला चहा निवून गेला.

शेवटी कुंदनची मोटारसायकल आली. तोडणीची टोळी तोच आणायचा. मागं बाया नव्हत्या. गाडी बंद न करता, खाली न उतरता तो म्हणाला, "मनोजभाऊ, बाया येत नाही म्हंतात."

"काहून? काल तं कबूल झाल्या होत्या."

"काल होत्या. राती कोनं तरी बरडावर खोदलं. राकसाच्या खळ्यात. निंबू पडले, कुकू पडलं, काया कोंबड्याचे पखं पडले. अन् हाडकं. माणसाचे हाडकं उघड्यावर पडून हायेत." कुंदननं बरडाकडं न पाहताच तिकडं मान उडवली. "तुमची बाग तं बरडाले लागूनच. बाया भेतात."

मनोजनं डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा बांधला. कुंदन जरा घुटमळला, मग आवाज खाली आणून बोलला, "गावात म्हणून राहिले का मास्तरालेच ठाऊक होतं कुठं काय हाय ते. मी नाही म्हणत. लोकं म्हंतात."

मास्तर, म्हणजे देवीदास, मनकर्णाबाईचा नवरा, क्रेटांच्या आडच बसला होता. काल तोडलेल्यातला डागी माल तो वेगळा काढत होता. हातातलं संत्र हातातच ठेवून तो उठला आणि चपला न घालता बरडाकडं चालू लागला. मनकर्णाबाईनं किटली खाली ठेवली, त्याच्या चपला उचलल्या आणि त्याच्या मागं निघाली.

बागेच्या पलीकडं ती मुरमाड बरड होती. सरकारी पड. गवत, रायमुनियाची, म्हणजे घाणेरीची, झुडपं, कुठं बोरी, कुठं टेंभुर्णी. आणि मधेमधे गोलात मांडलेले काळे गोटे, काही गुडघ्याएवढे, काही कमरेएवढे. राकस तिथं धान मळायचे असं जुनी माणसं सांगत, म्हणून गावात त्यांना राकसाची खळी म्हणत. देवीदास जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर असताना एकदा पोरांची सहल घेऊन बरडावर आला, आणि तेव्हापासून या गोट्यांनी त्याला धरलं. ही खळी नाहीत, फार जुन्या लोकांची थडगी आहेत, लोखंड वापरायला नुकतीच सुरुवात झाली त्या काळातली, हे त्यानं वाचून काढलं. मग सुटीचा दिवस आला की खांद्याला पिशवी, पिशवीत टेप आणि होकायंत्र. एकेक गोल मापायचा, कागदावर काढायचा, फोटो घ्यायचा. नुसती खळीच नाहीत, मारुतीच्या पारामागचे वीरगळ, जुन्या विहिरीच्या पायऱ्यांत उलट्या बसवलेल्या मूर्ती, शेंदूर फासून ओळख बुजलेला सतीचा हात, गावात जे जुनं ते सगळं त्यानं असंच उतरवून घेतलं. अमरावतीला विद्यापीठातल्या प्रतीक्षा मॅडमला तो ते पाठवायचा. त्या येऊन पाहून गेल्या होत्या.

मनकर्णाबाईला हे कधी आवडलं नव्हतं. लोकांचे नवरे सुटीत वावरात जात, तिचा गोट्याभोवती फिरे. पण निवृत्तीनंतर त्याचा एक डोळा काचबिंदूनं गेला, दुसऱ्यालाही टेपवरचे आकडे दिसेनात. सोबत येणारी शाळेतली पोरं मोठी होऊन आपापल्या वाटेला गेली होती. टेपचं दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं. तेव्हा ती गेली. सुरुवातीला तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. गुराखी पोट्टे लांबून ओरडायचे, "बुढाबुढी फेरे घेऊन राहिले!" ती पदर डोळ्यांवर ओढून गोट्याशी टेप दाबून उभी राहायची. मग हळूहळू सवय झाली. टेपला झोळ पडू द्यायचा नाही, आकडा मोठ्यानं सांगायचा, हे ती शिकली. आणि एक गोष्ट तिनं कोणालाच सांगितली नाही. घरात चार शब्द न बोलणारा तिचा नवरा बरडावर तिच्याशी बोलायचा. दम खायला बसलं की पिशवीतली भाकर काढून अर्धी तिच्या हातावर ठेवायचा.

या श्रावणात वरूडचा एक वार्ताहर आला होता. देवीदासनं त्याला मोठ्या हौसेनं सगळं फिरून दाखवलं. गोट्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला. मेलेल्या माणसासोबत त्याची भांडी, हत्यारं, तांब्याची कडी पुरत, हेही सांगितलं. पेपरात छापून आलं, "थडग्यांत मौल्यवान वस्तू असण्याची शक्यता." देवीदासनं त्या दिवशी गावात पेढे वाटले होते.

आता तेच खळं समोर होतं. मधला मुरूम कमरेइतका खोल उपसला होता. गोलातले तीन गोटे पहारीनं उलथवून बाजूला लोटलेले, त्यांची जमिनीत राहिलेली पांढुरकी बाजू वर आलेली. लाल-काळ्या मडक्यांच्या खापऱ्या जिकडंतिकडं. आणि मातीच्या ढिगावर फेकून दिलेली हाडं. ती हाडं आहेत असं पहिल्यांदा वाटलंही नाही तिला. जळणाच्या काटक्या वाटल्या. मग दात असलेला जबडा दिसला.

देवीदास काठावर उभा होता. तो खाली उतरला नाही, काही उचललं नाही. तिनं चपला त्याच्या पायांशी ठेवल्या तरी त्यानं त्या घातल्या नाहीत.

"कोनं केलं असन?" तिनं विचारलं.

"कोनंही केलं असन," तो म्हणाला. "वाट मी दाखवली."

दुपारी पोलीस आले, पंचनामा झाला. निंबू, पखं, तुटकी पहार असं सगळं पोत्यात भरून गेलं. हाडं कोणी उचलली नाहीत, ती पुरातत्त्ववाले येऊन पाहतील म्हणाले. दुसऱ्या दिवशी मास्तरला ठाण्यावर बोलावणं आलं. निरोप घेऊन आलेला शिपाई त्याचाच विद्यार्थी होता. दारात उभा राहून चप्पल अंगठ्यानं खरडत तो म्हणाला, "सर, तुमची टेप अन् ते कागद संगं आना लागते."

मनकर्णाबाई सोबत गेली. तिला बाहेर झाडाखाली बसवलं. उघड्या दारातून तिला नवरा दिसत होता. हातभट्टीच्या केसमधल्या दोघांच्या बाजूला, बाकड्याच्या टोकावर, मांडीवर पिशवी धरून. उन्हं फिरली तेव्हा त्याला आतल्या खोलीत घेतलं; ती उठून खिडकीपाशी उभी राहिली.

"मास्तर, नकाशे तुम्ही काढले," साहेब म्हणाले. आवाज चढा नव्हता. "पेपरात तुम्ही दिले. मग खणणारे कोणाच्या भरवशावर आले?"

मनकर्णाबाईला वाटलं, आता तो सांगेल. एवढी वर्षं ऊन खाल्लं, पायात काटे मोडले, कधी एक गोटा हलवला नाही, मातीत बोट घातलं नाही, सांगेल. पण तो गप्पच. शेवटी त्याला जबाबावर सही करायला लावली. सहीची जागा दिसेना म्हणून शिपायानं त्याचं बोट धरून तिथं टेकवलं. टेप आणि कागद ठाण्यातच राहिले. बाहेर आल्यावर त्याच शिपायानं कागदी कपात चहा आणून दिला आणि चेहरा न दाखवता परत आत गेला.

मनोज न्यायला आला होता. घरी पोचल्यावर मोटारसायकल लावता लावता मनोज बोलला, "बाबा, बस करा आता. गावात तोंड काढायची सोय ठेवली नाही तुमी. व्यापारी म्हणते, माल वेळेवर देत नसान तं मी दुसरी बाग धरतो. झाडाखाली पाहा, सडा पडून राहिला."

"नाही करत," देवीदास म्हणाला.

तो इतक्या सहज म्हणाला, की मनोज गाडीची किल्ली हातात धरून तसाच उभा राहिला.

मग घरच्यांनीच तोडायला सुरुवात केली. मनोज शिडीवर, त्याची बायको रागिणी खालच्या फांद्यांना, मनकर्णाबाई आणि देवीदास क्रेट भरायला. देठ ठेवून फळ पिळून काढायचं, गळ्यातल्या झोळीत टाकायचं, झोळी भरली की वाकून अलगद रिती करायची. काट्यांनी रागिणीची मनगटं सोलली. मनकर्णाबाईच्या बोटांच्या भेगांत सालीचा रस जाऊन आग व्हायची. दुपारपर्यंत तिची कंबर सरळ होईना. ती क्रेटवर हात टेकून उभी राही आणि मग तशीच वाकलेली पुढच्या झाडाकडं जाई. पण चार माणसं ती किती तोडणार? एक ओळ उरके तोवर पुढच्या ओळीत पिकलेलं गळून पडायचं. झाडाखाली माश्या घोंगावत होत्या. सगळ्या बागेला आंबूस वास सुटला होता.

देवीदास सांगेल ते काम करत होता. बरडाकडं पाठ करून.

बागेतून उठून एके दिवशी मनकर्णाबाई चतुराबाईच्या घरी गेली. चतुराबाई गावाच्या दुसऱ्या टोकाला, विहाराच्या पलीकडं राहायची. टोळीतली सगळ्यांत जुनी बाई, मनोजच्या लग्नाआधीपासून त्यांच्या बागेत तोडायला येणारी. आजवर निरोप धाडला की बाया यायच्या. आपण होऊन कोणाच्या दारी मजूर मागायला जायची वेळ मनकर्णाबाईवर आली नव्हती. ओट्यावर बसलेल्या बायांनी सरकून तिला जागा दिली.

चतुराबाईनं पाण्याचा गिलास दिला.

"तुमी तं भूत-बित मानत नाही न, बाई," मनकर्णाबाई म्हणाली. "मंग तुमी काहून नाही येत?"

"नाही मानत," चतुराबाई म्हणाली. "दुसऱ्या बायाईले भेव वाटते, मले नाही वाटत. पण मास्तरीणबाई, धुऱ्याच्या पल्याड मेलेलं माणूस उघडं पडून हाय. त्याच्या बाजूले बसून मी भाकर खाऊ? माह्या गयाखाली उतरन का थे?"

"थे लय जुनं हाय. हजारो वर्साचं, असं आमचे हे म्हंतात."

"जुनं असन. माणूसच होतं न?"

मनकर्णाबाईनं पाणी पिऊन गिलास खाली ठेवला. येताना ती बरडाच्या वाटेनं आली. खळ्यापाशी कुत्री हुंगत होती. एकीच्या तोंडात काहीतरी होतं. तिनं दगड मारला, कुत्री ते टाकून पळाली. मनकर्णाबाई जवळ गेली. बोटभर लांबीचं, हलकं, वाळलेलं. तिनं ते पदरात घेतलं.

घरी देवीदास अंगणात बसून फाटक्या झोळीला टाके घालत होता. दोरा संपला होता, सुई पुन्हा ओवता येत नव्हती म्हणून तसाच थांबून राहिला होता. तिनं सुई ओवून दिली आणि पदरातलं त्याच्यापुढं धरलं.

त्यानं ते चाचपलं. डोळ्याजवळ नेलं. "कुठं सापडलं?"

"कुत्रीच्या तोंडात."



"तुमच्या मॅडमले फोन करा," ती म्हणाली. "झाकू द्या म्हणा आमाले."

"मी आता त्यातलं काही करणार नाही, मनू. माह्यानं नाही होत. मी हात लावला की वाईटच होते."

मनकर्णाबाईला राग आला. लग्नापासून आजवर इतका आला नव्हता. "पेढे वाटाले झालं होतं न तुमच्यानं?" ती म्हणाली. "फोटोत उभं राहाले झालं? गावाले दाखवलं तुमी. आता झाका बी तुमीच. तुमाले लाज वाटते म्हून थ्या माणसानं कुत्र्याच्या तोंडी जावं का?"

आत रागिणीच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं. देवीदासनं मान खाली घातली. टाके अर्धवट राहिलेली झोळी त्यानं बाजूला ठेवली आणि खिशातून फोन काढून तिच्याकडं दिला. नंबर तिनंच लावला.

प्रतीक्षा मॅडम पलीकडून भरभर बोलल्या. खात्याच्या लोकांना त्यांनी कळवलं होतं, माणूस कधी येईल याचा भरवसा नव्हता. पंचनामा झाला आहे तर ठाण्यावर विचारून घ्या, जसं आहे तसे फोटो काढा, मापं घ्या, हाडं होती त्या जागी ठेवून माती लोटा. "उघडं राहू देऊ नका, सर," त्या म्हणाल्या. शिपाई विद्यार्थ्याला मनोजनं फोन केला. त्यानं साहेबांना विचारलं आणि संध्याकाळी टेप स्वतः आणून दिली. कागद मात्र मिळाले नाहीत.

सकाळी दोघं बरडावर गेली. गवतावर दहिवर होतं. देवीदासनं आधी सगळे फोटो काढले. मग मनकर्णाबाईनं टेप धरली, नेहमीसारखी, पण आकडा सांगताना तिचा आवाज मोठा निघत नव्हता. गोलाचं माप, खड्ड्याचं माप, उलथवलेल्या गोट्यांची जागा. नव्या कागदावर तो वाकडंतिकडं काढत होता. रेघेवर रेघ चढत होती.

मग त्यानं पेन खिशात ठेवलं आणि लुंगी खोचून खड्ड्यात उतरला. ती ढिगावरून हाडं वेचून त्याच्या हातात देऊ लागली. ढीग बोटांनी उकरायचा, मुरूम झाडायचा, खापरी एकीकडं, हाड दुसरीकडं. काही तिच्या हातातच भुगा झाली. तो प्रत्येक तुकडा चाचपून खाली ठेवत होता. मधेच थांबला.

"काय झालं?"

"दोघं हायेत," तो म्हणाला. "हे मोठ्याचं. अन् हे लेकराचं."

तिनं हातातल्याकडं पाहिलं. कुत्रीच्या तोंडातलं होतं तसलंच ते, बोटभर, हलकं.

"मायजवळ असन," ती म्हणाली.

"माय का बाप, आता नाही सांगता येत. सगयं उलथंपालथं केलं त्याईनं."

"डोकं कोण्या बाजूले होतं?"

"ठाऊक नाही." त्यानं वर पाहिलं. त्याच्या उरलेल्या डोळ्यातून पाणी वाहत होतं, नेहमी वाहायचं तसंच, की आणखी कशानं, तिला कळलं नाही. "आता कोणालेच नाही समजणार."

"मंग एकाजवळ एक ठेवा," ती म्हणाली. "लांब नोका ठेवू."

त्यानं तसंच ठेवलं. मोठ्या हाडांच्या आतल्या बाजूला लहान. खापऱ्या पायथ्याशी. वर यायला तिनं हात दिला. काय म्हणावं, कोणत्या देवाचं नाव घ्यावं, हे दोघांनाही माहीत नव्हतं. मनकर्णाबाईनं बाटलीतलं प्यायचं पाणी तळहातावर घेतलं आणि खड्ड्यात सोडलं. मग पहिली मूठ तिनं टाकली.

माती हातांनी लोटून किती लोटणार? उन्हं तापायला लागली तेव्हा मनोज फावडं घेऊन आला. त्यानं सदरा काढला आणि ढीग ओढू लागला. मागून रागिणी घमेलं घेऊन आली. ढिगातला मुरूम वाऱ्यानं, पायांनी इकडंतिकडं गेलेला, तो पुरेना. खड्डा भरला तरी मधे खोलगट राहिला.

धुऱ्यावर कोणीतरी उभं होतं. चतुराबाई, आणि तिच्यासोबत आणखी दोघीतिघी. टोळीतल्या एवढ्याच आल्या होत्या. बाकीच्या बाया पुढंही बरेच दिवस आल्या नाहीत, मागच्या दोन ओळींतला माल झाडाखालीच सडला.

"झाकलं का?" चतुराबाईनं लांबून विचारलं.

"झाकलं," मनकर्णाबाई म्हणाली.

चतुराबाईनं हात जोडले, थोडं थांबली आणि बायांना घेऊन बागेत शिरली. शिड्या हलवल्याचा आवाज आला.

उरलेल्या खोलगटासाठी मनोज जरा खाली, उताराकडं मुरूम आणायला गेला. रायमुनिया दाट होती तिथं. त्यानं विळ्यानं झुडपं कापली, ओढून बाजूला केली, फावडं मारलं. खणकन आवाज आला. त्यानं पुन्हा बाजूला मारलं, पुन्हा तसाच. वाकून त्यानं पालापाचोळा हातानं सारला आणि हाक मारली, "बाबा, इकडे या बरं."

काळे गोटे होते. वीतभर वर आलेले, एकाजवळ एक, गोलात वाकत गेलेले, आणि पुढं झुडपात दिसेनासे झालेले. एकही हललेला नव्हता. सांदींत बारीक गवत आणि माती घट्ट बसली होती.

देवीदास गुडघ्यांवर बसला. एका गोट्यावरून हात पुढं नेत, दुसरा, तिसरा, जिथवर पोचेल तिथवर चाचपत गेला. चेहरा असा झाला होता की मनकर्णाबाईला तो शाळेत नुकता लागलेला मास्तर आठवला. त्याचा हात आपसूक खांद्यावरच्या पिशवीकडं गेला. तिनं टेपचं टोक घ्यायला हात पुढं केला.

"हे तुमच्या कागदावर हाय का?" मनोजनं विचारलं.

"नाही. हे मले दिसलंच नाही कधी."

"मंग? मापता?" मनोजचा आवाज रागाचा नव्हता.

देवीदासनं पिशवीवरचा हात तसाच ठेवला. बागेतून बायांचं बोलणं ऐकू येत होतं. क्रेटमध्ये फळ पडत होतं.

"थ्या काट्या आन इकडे," तो म्हणाला.

मनोजनं कापलेली झुडपं ओढून आणली. देवीदासनं ती एकेक घेऊन गोट्यांवर मांडली, वर पालापाचोळा लोटला, फावड्यानं उकरलेली जागा पायानं दाबून सारखी केली. काटे हातात जात होते, तो हात मागं घेत नव्हता. मनकर्णाबाईही वाकली आणि दुसऱ्या बाजूनं मांडू लागली. मुरूम त्यांनी पार पलीकडच्या नाल्यातून आणला.

"आपल्यामागं कोणाले ठाऊकच नाही राहणार," परत निघताना ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला.

तो पुढं चालत होता, काठीनं वाट चाचपत. धुऱ्यापाशी पोचल्यावर तिनं मागं वळून पाहिलं. उतारावर रायमुनिया, बोरी, वाळलेलं गवत. नेमकी जागा कोणती ते तिला शोधून सापडली नाही. तिनं पदर कमरेला खोचला आणि चतुराबाईच्या ओळीत तोडायला लागली.